धाक शिक्षेचा नव्हे, पकडले जाण्याचा

19 मे 2024 रोजी पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि गाडी चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून जामीन दिला. त्यावर महाराष्ट्रात जो संताप उसळला तो रास्तच होता. पण संतापाच्या भरात कोणत्या मागण्या झाल्या हे आता शांतपणे पाहण्यासारखे आहे. कायदा कडक करा, अशा मुलांना प्रौढ समजा, बापाला आत टाका, पब बंद पाडा. यांतल्या काही मागण्या लगेच पुऱ्याही झाल्या. पबना टाळी लागली, अनधिकृत बांधकामांवर हातोडे पडले, छायाचित्रे छापून आली. मात्र त्या रात्री तो मुलगा गाडी घेऊन निघाला तेव्हा वाटेत त्याला अडवून तोंडाशी यंत्र धरणारा कोणी का नव्हता, आणि आपल्याला कोणी अडवील अशी शंकासुद्धा त्याच्या मनाला का शिवली नाही, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म या प्रश्नात आहे. आपल्याकडे लोक दारू पिऊन गाडी चालवतात ते शिक्षा सौम्य आहे म्हणून नव्हे. तपासणी होणार नाही याची त्यांना जवळजवळ खात्री असते म्हणून. रस्ता सुरक्षेच्या राष्ट्रीय प्रयत्नांनी ही खात्री मोडण्याचे काम सोडून बाकी पुष्कळ कामे केली आहेत.

आधी पूर्वपक्ष घेऊ, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीने घेऊ. शिक्षेचे भय नसेल तर कायदा कोण पाळील, असे तो विचारतो, आणि प्रश्न बिनतोड वाटतो. पण आपला कायदा खरोखर किती सौम्य आहे? मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमानुसार शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असले की गुन्हा होतो. इंग्लंडमध्ये ही मर्यादा ऐंशी मिलिग्रॅम आहे, अमेरिकेच्या बहुतेक राज्यांतही ऐंशीच, आणि जागतिक आरोग्य संघटना पन्नासच्या आत राहा असे सांगते. म्हणजे या बाबतीत आपण इंग्रजांपेक्षा अडीचपटींहून अधिक कडक आहोत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजार होता. एका फटक्यात तो पाचपट झाला. शिवाय हा गुन्हा जागेवर तडजोड करून मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने अशा चालकाचे लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा असे सर्व राज्यांना बजावले, ते वेगळेच. कागदावरचा कायदा सैल आहे असे कोणाला म्हणता येणार नाही.

आणि परिणाम? 2019 मध्ये देशात रस्त्यावर 1,51,113 माणसे मेली. 2022 मध्ये 1,68,491. 2023 मध्ये 1,72,890. मधली दोन वर्षे टाळेबंदीची, त्यांचा हिशेब वेगळा. आणि हे आकडे सर्व अपघातांचे आहेत, फक्त दारूचे नव्हेत, हेही मान्य. पाचपट दंडाने मृत्यू वाढले असे मी म्हणत नाही. पाचपट दंडाने ते कमी झाल्याची खूण दिसत नाही, एवढेच म्हणतो. डिसेंबर 2024 मध्ये लोकसभेत बोलताना रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीच कबूल केले की अपघात निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य दूर राहिले, उलट अपघात वाढले, आणि परदेशातल्या परिषदांत हा विषय निघाला की आपल्याला तोंड लपवावेसे वाटते. मंत्र्याने असे सभागृहात सांगावे हा प्रांजळपणा दुर्मीळ, त्याची कदर केलीच पाहिजे. पण ज्या धोरणामुळे ही पाळी आली त्याची तपासणीही मग केली पाहिजे.

शिक्षेचा धाक का चालत नाही, हे समजायला मानसशास्त्राची फार खोल डुबकी नको. परमिट रूममधून उठणारा माणूस मनात एक हिशेब करतो, तोही नशेच्या अमलाखाली. त्या हिशेबात दंड दहा हजार की वीस हजार हा आकडा येतच नाही. आपण पकडले जाऊ का, एवढाच प्रश्न असतो. इतक्या वर्षांत आपण शंभरदा असे गेलो, ओळखीचे सगळे जातात, एकतीस डिसेंबर सोडला तर कोणी विचारले नाही, हे त्याचे उत्तर असते, आणि दुर्दैवाने ते बरोबर असते. शून्याला दोन हजारांनी गुणा की दहा हजारांनी, उत्तर शून्यच. दुसरी गोष्ट याहून वाईट. शिक्षा जड केली आणि पकडले जाण्याची शक्यता तशीच ठेवली, तर शिक्षेचे वजन गुन्हेगारावर न पडता तोडपाण्याच्या दरावर पडते. दोन हजारांच्या दंडासाठी जो हात पाचशेवर खाली यायचा तो दहा हजारांसाठी कितीवर येईल, हे कोणालाही सांगता येईल. आणि जिथे माणसे मरतात, प्रकरण मोठे होते, तिथे शिक्षेच्या वजनाबरोबर वकिलांचे वजन आणि वर्षांची संख्याही वाढते. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर 2006 मध्ये पदपथावर झोपलेल्या सात मजुरांना एका गाडीने चिरडले. चालक दारू प्यायला होता, रक्ताची तपासणीही झाली होती. खालच्या न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांची केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले तेव्हा जानेवारी 2012 उजाडला होता. निकाल कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा होता, निष्काळजीपणापेक्षा गंभीर कलम लावता येते हे त्याने पक्के केले. पण पाच वर्षांनी दिल्लीत लागलेल्या निकालाची वार्ता मुंबईतल्या त्या रात्रीच्या कोणत्या चालकाच्या पायाला ब्रेकवर नेणार होती?

आता दुसरा आक्षेप घेऊ, तो अधिक अभ्यासू मंडळींचा असतो. ते म्हणतात, दारूचा एवढा बाऊ कशाला? सरकारी आकडे पाहा. 2022 च्या केंद्रीय अहवालात दारू किंवा अमली पदार्थांमुळे झालेले मृत्यू सुमारे चार हजार दोनशे, म्हणजे एकूण मृत्यूंच्या अडीच टक्के. वेगामुळे मात्र सत्तर टक्क्यांहून अधिक. तेव्हा वेगाकडे बघा, रस्त्यांच्या रचनेकडे बघा, दारू हा किरकोळ विषय आहे. युक्तिवाद आकड्यांवर उभा आहे, म्हणून आकडे कसे तयार होतात ते पाहावे लागेल. अपघातानंतर पोलीस हवालदार पंचनामा करतो आणि कारणाच्या रकान्यात एकच कारण भरतो. प्यायलेला चालक सुसाट गेला आणि दुभाजकावर आदळला, तर रकान्यात वेग पडतो. वेग दिसतो, दारू तपासावी लागते. दारूमुळेच भान सुटून वेग वाढला असेल हे त्या रकान्याला सांगता येत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने रुग्णालयात आलेल्या जखमींची जी पाहणी अनेक वर्षे केली, तीत दारूचा वाटा पोलिसांच्या आकड्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठा निघाला. रुग्णालयात वास घेतला जातो, रक्त घेतले जाते. पोलीस ठाण्यात अंदाज घेतला जातो, फरक इतकाच.

त्याच अहवालातला आणखी एक आकडा या अडीच टक्क्यांशेजारी ठेवून पाहावा. 2022 मध्ये धडक देऊन पळून गेलेल्या वाहनांमुळे तीस हजारांहून अधिक माणसे मेली. एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा. या तीस हजार मृत्यूंना कारण झालेल्या चालकांपैकी कोण प्यायला होता आणि कोण शुद्धीत होता हे त्या रात्री कोणालाच कळले नाही, कारण चालकच जागेवर नव्हता. पळण्याचे एक मोठे कारण दारूच असते हे पोलिसांना पक्के ठाऊक आहे, प्यायलेल्या चालकाला तर अधिकच. शरीर शंभर मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅमच्या वेगाने अल्कोहोल काढून टाकते. मर्यादेच्या चौपट प्यायलेला माणूसही आठ तास कुठेतरी लपून राहिला की कायद्याच्या दृष्टीने निर्व्यसनी होऊन बाहेर येतो. जुलै 2024 मध्ये वरळीला एका बीएमडब्ल्यूने स्कूटरवरच्या महिलेला फरफटत नेऊन मारले आणि मुख्य आरोपी सापडला तो दोन दिवसांनंतर. दोन दिवसांनी रक्तात काय शोधायचे? कल्याणीनगरच्या प्रकरणात अपघात मध्यरात्रीनंतरचा, आणि ससून रुग्णालयात रक्त घेतले गेले ते दिवस बराच वर आल्यावर. पुढे तो नमुनाही बदलला गेला असा आरोप ठेवून पोलिसांनी डॉक्टरांनाच अटक केली. म्हणून अडीच टक्के हा दारूच्या प्रश्नाचा आकार नाही. तो आपल्या तपासणीचा आकार आहे. न मोजलेली गोष्ट लहान असते असे मानणारी विद्वत्ता निदान आकडेशास्त्राच्या नावाने तरी पुढे करू नये.

तपासणीने खरेच फरक पडतो का, या प्रश्नाला उत्तर द्यायला परदेशात जायची गरज नाही. ते राजस्थानात मिळते, आणि माझ्या मते भारतातल्या वाहतूक पोलिसांनी पाठ करावा असा हा प्रयोग आहे. 2010-11 च्या सुमारास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, डॅनियल केनिस्टन आणि राजस्थान पोलीस दलातल्या वरिष्ठ अधिकारी नीना सिंह यांनी राज्य पोलिसांच्या मदतीने दारूच्या तपासणीची एक शिस्तबद्ध चाचणी घेतली. पोलीस ठाणी सोडतीने निवडली. काही ठाण्यांनी संध्याकाळनंतर नाकाबंदी नेहमी एकाच मोक्याच्या जागी लावायची. काहींनी ती हद्दीतल्या तीन जागांमध्ये फिरवत ठेवायची. बाकीच्यांत नेहमीचा कारभार. पोलिसांचा अनुभव सांगत होता की जिथे सर्वांत जास्त प्यायलेले चालक जातात ती एकच जागा धरून ठेवावी. परिणाम उलटा आला. एका जागी चिकटलेल्या नाकाबंदीचा रात्रीच्या अपघातांवर म्हणावा असा परिणामच झाला नाही. फिरत्या नाकाबंदीने मात्र रात्रीचे अपघात सुमारे सतरा टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू सुमारे पंचवीस टक्क्यांनी खाली आणले. कारण सोपे आहे आणि गावागावांत माहीत आहे: पोलीस कुठे उभे राहतात हे चार दिवसांत सगळ्यांना कळते, मग मागच्या रस्त्याने जायचे. जागा रोज बदलत असेल तर कोणता रस्ता सुरक्षित हे सांगता येत नाही, आणि मग गाडी घेऊन निघावे की नाही हाच विचार करावा लागतो. शिक्षा तीच होती, कायदा तोच होता, यंत्रही तेच होते. बदलली फक्त अनिश्चिततेची जागा. आधी पोलीस कोणाला पकडतील याची अनिश्चितता होती, आता कुठे पकडतील याची झाली.

या प्रयोगातली दुसरी गोष्ट आपल्या चर्चेत फार कमी येते. काही नाकाबंद्या स्थानिक ठाण्याच्या माणसांनी चालवल्या आणि काही पोलीस लाइनीतून आणलेल्या खास पथकांनी, ज्यांच्या गाड्यांवर जीपीएसने नजर होती. खास पथके ठरल्या वेळी ठरल्या जागी अधिक नियमाने हजर राहिली आणि त्यांनी कामही अधिक केले. ठाण्यातल्या हवालदारापेक्षा लाइनीतला हवालदार जन्मतः अधिक कर्तव्यदक्ष असतो असे कोणी म्हणणार नाही. त्याच्यावर लक्ष होते, त्याच्यापुढे एकच काम होते आणि आजूबाजूला ओळखीचा गोतावळा नव्हता. म्हणजे पकडले जाण्याची शक्यता वाढवली की पोलीसही सुधारतो. चालकाला लागू पडणारे तत्त्व खाकी वर्दीलाही लागू पडते, हे एक सुखद सत्य म्हणायचे.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण जुने आहे पण भक्कम. न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर 1982 मध्ये संशय असो वा नसो, कोणत्याही चालकाला थांबवून श्वास तपासण्याचा अधिकार पोलिसांना दिला आणि तो मोठ्या प्रमाणावर, वर्षभर, जाहिरातींच्या धडाक्यासह वापरला. त्या वेळी तिथल्या रस्त्यांवर मरणाऱ्यांपैकी सुमारे चाळीस टक्के मृत्यूंत दारूचा संबंध असे. तो वाटा पुढे पंधरा टक्क्यांच्या आसपास आला. याच्या उलट स्कॉटलंड पाहा. तिथे डिसेंबर 2014 मध्ये कायदेशीर मर्यादा ऐंशीवरून पन्नासवर आणली, म्हणजे कायदा कडक केला. नंतर संशोधकांनी मोजले तेव्हा अपघातांत घट सापडली नाही. मर्यादा उतरली, तपासणी वाढली नाही, हे त्याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण मानले गेले. एका देशाने कायदा राबवला, दुसऱ्याने कायदा लिहिला. आपण तर 1988 पासून लिहीतच आहोत.

इथे नागरी स्वातंत्र्याची काळजी करणारे आक्षेप घेतात, आणि त्यांचा आक्षेप मला बाकी सगळ्यांपेक्षा वजनदार वाटतो. काही गुन्हा केला नसताना, संशयही नसताना, पोलिसाने कोणालाही थांबवून तोंडात नळी घालावी हे लोकशाहीत शोभते का? आपला कायदा त्यांच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्याचे 203 वे कलम म्हणते की चालकाने 185 चा गुन्हा केल्याचा वाजवी संशय असेल तरच पोलिसाने श्वासाची तपासणी मागावी. अपघातात सापडलेल्या चालकाच्या तपासणीलासुद्धा तो प्यायला असल्याच्या वाजवी संशयाची अट आहे. ही अट स्वातंत्र्याची राखण करते असे वाटते खरे, पण रस्त्यावर ती काय करते ते पाहा. संशय कोणावर घ्यायचा हे जर हवालदाराच्या मर्जीवर असेल, तर तो जुन्या मोटारसायकलवरच्या कामगारावर येतो, रिक्षावाल्यावर येतो, ट्रकच्या क्लीनरवर येतो. काळ्या काचांच्या मोठ्या गाडीवर तो येत नाही, आला तरी काच खाली होताच ओसरतो. तपासणी संशयावर आधारली की ती तोंडे पाहून होते. प्रत्येक गाडी, किंवा दर पाचवी गाडी, ती कोणाचीही असो, थांबवायची असा नियम असला की हवालदाराची मर्जीही गळून पडते आणि मोठ्या गाडीतून येणारा फोनही. विमानतळावर सर्वांची झडती होते, म्हणून कोणाचा अपमान होत नाही. ज्याची एकट्याची झडती होते त्याचा होतो. शिवाय एक मिनिटाचा श्वास ही किंमत ज्या बदल्यात मागितली जाते तो दुसऱ्याचा जीव आहे, आणि तो दुसरा पदपथावर झोपलेला मजूर असेल तर त्याच्या स्वातंत्र्याच्या बाजूने वकीलपत्र घेणारे कोणी नसते. सर्वांची सारखी तपासणी हाच इथे स्वातंत्र्याचा अधिक प्रामाणिक अर्थ ठरतो.

मग पोलिसांच्या हाती इतका अधिकार द्यायचा का, असा पुढचा प्रश्न येतो, आणि चिरीमिरीचा अनुभव असलेल्या देशात तो येणारच. पण भ्रष्टाचार तपासण्यांच्या संख्येतून वाढत नाही, नोंद न होणाऱ्या तपासणीतून वाढतो. आजची बरीच यंत्रे वेळ, तारीख आणि आकडा साठवून ठेवतात, पावतीही काढतात. किती श्वास घेतले, त्यांतले किती मर्यादेपलीकडे निघाले आणि त्यांतले किती खटले कोर्टात उभे राहिले, हे तीन आकडे दर महिन्याला ठाण्यानिहाय जाहीर झाले, तर तोडपाणी कुठे होते हे पत्रकाराला शोधावे लागणार नाही, आकड्यांतली गळतीच सांगेल. मुंबई पोलिसांनी 2007 पासून ड्रंक अँड ड्राइव्हविरुद्ध जी नेटाची मोहीम चालवली, कोर्टातून लोकांना प्रत्यक्ष कैदेत पाठवले, तिने शहरातल्या एका वर्गाच्या सवयी बदलल्या. पार्टीला जाताना चालक ठेवणे, टॅक्सीने परतणे हे तेव्हापासून रुळले. मोहीम मुंबईत जमली, मग ती नगर-मनमाड रस्त्यावर किंवा सोलापूर-पुणे महामार्गावर जमणार नाही असे काही नाही. मात्र ती सणापुरती उरली की तिचा नवरात्रातल्या उपासासारखा उपयोग होतो. नऊ दिवस संयम आणि दहाव्या दिवशी पूर्वपदावर. थर्टी फर्स्टला तळीराम पकडल्याची बातमी दरवर्षी छापून येते आणि तीच सांगते की उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तशी बातमी नाही.

दारूच बंद करा, हा आणखी एक पक्ष. त्यामागची कळकळ खरी आहे, गावच्या बायकांनी बाटली आडवी करण्यासाठी दिलेले लढे महाराष्ट्राने पाहिले आहेत आणि त्यांचा घरगुती हिंसाचाराशी असलेला संबंध वेगळा आणि गंभीर आहे. पण वाहन अपघातांवरचा उपाय म्हणून बंदी लंगडी पडते. बंदीच्या जिल्ह्यात राहणारा माणूस प्यायला हद्दीपलीकडे जातो आणि पिऊन परततो तो गाडीनेच. घराजवळ पिणाऱ्यापेक्षा लांबचे अंतर कापून. वर्धा 1974 पासून बंदीखाली आहे, गडचिरोली 1993 पासून, चंद्रपूरची 2015 ची बंदी सहा वर्षांनी उठली. या सगळ्या काळात श्वास तपासणारी यंत्रणा तिथे बाकी राज्याहून वेगळी झाली असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला, तेव्हा काय झाले हेही आठवावे. अनेक राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या रस्त्यांचा महामार्ग हा दर्जाच काढून घेतला. वीस हजारांच्या आतल्या वस्तीला अंतर दोनशेवीस मीटरवर आले आणि जुलै 2017 मध्ये पालिका हद्दी वगळल्या गेल्या. काही दारूच्या दुकानांनी दार मागच्या बाजूला नेऊन चालत जायचे अंतर लांबवले. ज्या राज्यांच्या तिजोरीत उत्पादन शुल्काची मोठी रक्कम येते, आणि महाराष्ट्रात ती वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक आहे, ती राज्ये आपल्या हाताने दुकान बंद करतील असे धरून चालणे भोळेपणाचे आहे. त्या उत्पन्नातला काही हिस्सा श्वासयंत्रांवर आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळांवर कायद्याने राखून ठेवा असे म्हटले, तर ते मागणे व्यवहार्य होईल.

जनजागृतीबद्दल थोडक्यात. दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह होतो, आता तो महिनाभर चालतो. फलक लागतात, शाळकरी मुलांच्या चित्रकला स्पर्धा होतात. मुले चांगली चित्रे काढतात. पण दारू पिऊन गाडी चालवू नये हे न कळल्यामुळे कोणी चालवत असेल, हे गृहीतच चुकीचे आहे. सर्वांना कळते.

रात्रीच्या वाहतुकीचा मुद्दा मात्र मान्य केला पाहिजे. मुंबईत बार दीड वाजता बंद होतो आणि शेवटची लोकल तोवर निघून गेलेली असते. पुण्यात तर रात्री अकरानंतर बसची वाट पाहणे हा आशावादाचा प्रकार आहे. तालुक्याच्या गावी तेवढेही नाही. ऑगस्ट 2023 मध्ये गोव्यात बाणस्तारी पुलावर एका मर्सिडीजने तिघांचे बळी घेतल्यावर बारमालकांनी प्यायलेल्या ग्राहकाला घरी पोचवण्याची सोय करावी अशी सूचना पुढे आली. सूचना चांगली आहे, परवान्याच्या अटींत ती घालायला हरकत नाही. पण वाहन नव्हते म्हणून दुसऱ्याला मारले, हा बचाव होऊ शकत नाही. आणि तपासणीची भीती खरी झाली की रात्रीच्या रिक्षाला, टॅक्सीला, चालक पुरवणाऱ्याला आपोआप गिऱ्हाईक मिळते. मुंबईत तसेच झाले. मागणी आली की सोय मागून येते, त्यासाठी सोयीची वाट बघत तपासणी थांबवायची नसते.

आता मंडनाची बाजू मांडतो, कारण नुसते खोडून काढणे सोपे असते. पहिली गरज 203 व्या कलमातली संशयाची अट काढण्याची आहे. श्वासाच्या प्राथमिक तपासणीसाठी ती नको. अटकेसाठी आणि रक्त घेण्यासाठी श्वासात मर्यादेबाहेरचा आकडा दिसणे हाच आधार पुरे. दुसरी, माणूस मेलेल्या किंवा गंभीर जखमी झालेल्या प्रत्येक अपघातात चालकाची, तो शुद्धीत दिसत असला तरी, श्वास तपासणी सक्तीची हवी, आणि मृत चालकाच्या शवविच्छेदनात रक्तातले अल्कोहोल मोजलेच पाहिजे. त्याशिवाय अडीच टक्क्यांचा खोटा दिलासा संपणार नाही. अपघातांची नोंद आता आयरॅड या संगणकीय प्रणालीत होते, आयआयटी मद्रासने तिची उभारणी केली आहे. तिच्यात हा आकडा भरल्याशिवाय नोंद पुढे सरकू नये. तिसरी, रक्ताचा नमुना दोन बाटल्यांत, कॅमेऱ्यासमोर, मोहोरबंद होऊन निघावा आणि एक बाटली दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत जावी. एका सिनेअभिनेत्याच्या गाडीने 2002 मध्ये वांद्र्याला घेतलेल्या बळीचा खटला तेरा वर्षांनी उच्च न्यायालयात कोसळला, त्यात रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरच्या शंकाही होत्या. कल्याणीनगरला बावीस वर्षांनी तोच विषय पुन्हा आला. चौथी, राजस्थानसारखी फिरती नाकाबंदी, जिल्ह्याच्या मुख्यालयातून चिठ्ठीने ठरणाऱ्या जागी, आठवड्यातून काही रात्री, बारा महिने. पाचवी, पळून गेलेल्या चालकाचे गणित उलटे करणे. श्वास किंवा रक्त देण्यास नकार दिला तर 205 वे कलम आजही न्यायालयाला त्याच्याविरुद्ध अनुमान काढू देते. जखमीला टाकून पळून जाणाऱ्यालाही तेच अनुमान लागले पाहिजे, म्हणजे लपून राहण्याचे आठ तास त्याच्या फायद्याचे उरणार नाहीत. जानेवारी 2024 मध्ये पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या कैदेच्या नव्या कलमावरून देशभर ट्रकचालकांनी संप केला आणि केंद्राला ते कलम बाजूला ठेवावे लागले. ट्रकचालकांची जमावाच्या मारहाणीची भीती खोटी नव्हती. पण जवळच्या ठाण्यात जाऊन तासाभरात श्वास दिला तर पळाल्याचा ठपका नाही, अशी तरतूद केली असती तर दहा वर्षांच्या धमकीपेक्षा ती अधिक न्याय्य झाली असती आणि अधिक चाललीही असती. पुन्हा तेच, शिक्षेच्या आकड्यावर भांडण झाले आणि तपासणीचा मुद्दा कोणाला सुचलाच नाही.

यासाठी दिल्लीची वाट पाहत बसण्याची गरज नाही. मोटार वाहने हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतला विषय आहे. महाराष्ट्र विधिमंडळ 203 व्या कलमात राज्यापुरती दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती मागू शकते. फिरती नाकाबंदी, तीन आकड्यांचे मासिक प्रकाशन, नमुन्याच्या दोन बाटल्या यांना तर नवा कायदाही लागत नाही, गृहखात्याचा एक आदेश पुरतो. महाराष्ट्रात रस्त्यावर वर्षाला पंधरा हजारांहून अधिक माणसे मरतात. पुढच्या अधिवेशनात कोणी आमदार शिक्षा वाढवण्याचे भाषण करायला उभा राहिला, तर आपल्या मतदारसंघातल्या पोलीस ठाण्यात श्वास तपासण्याची यंत्रे किती आहेत आणि गेल्या महिन्यात ती किती वेळा वापरली गेली, हे त्याला आधी विचारावे.